सांदीतून वर आलेला सह्याद्री

मंडळी, सुरुवात एका शब्दापासून करतो. सांद. घरात कपाट आणि भिंत यांच्यामधे जी जागा राहते ना, रुपया घरंगळत जाऊन हमखास जिथे अडकतो, ती सांद. त्यावरूनच आपण सांदीकोपरा म्हणतो. भंडारदऱ्याजवळ साम्रद गाव आहे, तिथल्या एका दरीचं नाव सांदण आहे, आणि मला तरी हा शब्द त्याच कुळातला वाटतो, कारण ती जागा तशीच आहे. दोन प्रचंड भिंती आणि मधे सांद. आज मी जे काही बोलणार आहे ते सगळं या एका सांदीभोवतीच फिरणार आहे, कारण इतकी वर्षं भटकल्यावर माझं मत असं झालंय की सह्याद्रीत निसर्ग बघायचा असो की इतिहास, दोन्ही सापडतात ते दगडाला गेलेल्या भेगेतच.

आधी दगड बघू. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता, एकदा येऊन थांबला असं नाही, थरावर थर, थरावर थर, मधे थोडी विश्रांती आणि परत थर. म्हणून आपले डोंगर लांबून बघितले की पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हा लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसला की त्याला उभ्या भेगा पडतात. नंतर जमिनीच्या पोटातून आणखी लाव्हा वर घुसतो आणि थरांना उभा छेदून जातो, त्याला डाईक म्हणतात. डाईकचा दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक निघाला तर बाजूचं झिजून जातं आणि डाईक भिंतीसारखा उभा राहतो, आणि तोच जर जास्त तडकलेला असला तर उलटं होतं, तो झिजतो आणि तिथे घळ तयार होते. यात पाऊस घाला. घाटमाथ्यावरचा पाऊस म्हणजे काय हे जुलैत घाटघरला जो उभा राहिलाय त्यालाच विचारा. पाणी भेगेत शिरणार, माती धुवून नेणार, झाडाची मुळी आत जाणार, दगड सुटणार, खाली पडणार, पुढच्या वर्षी परत तेच. लाखो वर्षं हे चाललंय आणि आजही चालू आहे.

आता चला सांदणमधे. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपलं जुनं अहमदनगर, अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद. गावातून निघालं की जरा वेळ करवंदीच्या जाळ्यांतून सपाटीवरून चालायचं आणि मग अचानक जमीन फाटलेली दिसते. दुसरा शब्दच नाही त्याला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावर येईपर्यंत मला पत्ताच नव्हता की पुढे दरी आहे! आत उतरलं की लगेच उन्हाळा संपतो, एप्रिलमधे सुद्धा दगड गार लागतो हाताला. दोन्ही बाजूंना दोनशे ते चारशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी रुंदी इतकीच की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. पायाखाली माती नाही, नुसते धोंडे, काही फ्रीजएवढे काही खोलीएवढे, आणि हे सगळे वरून पडलेले आहेत हे लक्षात आलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात, पहिल्यात गुडघ्याएवढं, दुसऱ्यात कधी कमरेएवढं कधी छातीपर्यंत, ते त्या वर्षीच्या पावसावर आणि तुम्ही कुठल्या महिन्यात गेलात त्यावर. पाणी इतकं थंड की पहिली दोन पावलं श्वास अडकतो. सॅक डोक्यावर घ्यायची आणि पलीकडे जायचं.

साधारण दोनेक किलोमीटर चाललं की भिंती संपतात आणि समोर एकदम कोकण उघडतं. तिथे दगड तुटतो. पुढे जायचं तर दोर लावून रॅपलिंग करत उतरायचं, आणि खाली ठाणे जिल्ह्यात डेहण्याच्या बाजूला निघायचं किंवा करोली घाटाने परत साम्रदला चढून यायचं. ज्यांना दोराची सवय नाही त्यांनी त्या टोकापर्यंत जाऊन तिथूनच मागे वळावं, त्यात काहीही कमीपणा नाही, उलट दरी दोनदा बघायला मिळते आणि येताना उजेड वेगळा असतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पावसाळ्यात आत उतरायचं नाही. सांदण म्हणजे पाण्याची वाट आहे, आपण तिथे फक्त ते नसताना जातो. वर डोंगरावर पाऊस झाला आणि तुमच्या डोक्यावर आभाळ निळं असलं तरी पाणी येतं, आणि आल्यावर त्या भिंतींवर चढायला जागाच नाही. बाकी ट्रेकमधे चूक झाली तर दुसरी वाट असते, इथे नाही.

आता इतिहासाकडे वळतो, पण रस्ता तोच. करोली घाट म्हटलं मी मघाशी. कोकण आणि देश यांच्यामधे ही जी सह्याद्रीची भिंत आहे ना, ती माणसाला कधीच सरळ चढता आली नाही. माणूस वर आला तो पाण्याने कोरलेल्या नाळेतून, खिंडीतून. खालून मीठ, सुकी मासळी वर यायची, वरून धान्य खाली जायचं, डोक्यावर नाहीतर बैलाच्या पाठीवर. म्हणजे पाण्याने आधी वाट काढली, मग जनावरांनी ती मळवली, मग माणसांनी पायऱ्या खोदल्या आणि मग राजाने तिथे जकात बसवली. नाणेघाट बघा. जुन्नरपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. खाली कल्याण, सोपाऱ्याची बंदरं आणि वर जुन्नर, मधे ही खिंड. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी ती अशी बांधून काढली की आजही आपण त्याच फरसबंदीवरून चढतो. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं लोक सांगतात.

पण नाणेघाटाचा खरा जीव गुहेत आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा नागनिका राणीचा ब्राह्मी लेख तिथे दोन भिंतींवर आहे. काय काय यज्ञ केले आणि किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी दान दिली त्याची यादी. यादी म्हटल्यावर आकडे आलेच, आणि ते आकडे म्हणजे आपल्या अंकांच्या जुन्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. तेव्हा शून्य वापरून एकक दशक मांडायची पद्धत नव्हती, दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. डोक्यावर नावं कोरलेली. आज मूर्ती गेल्या, नावं शिल्लक आहेत आणि खाली काही पावलं शिल्लक आहेत. मी त्या भिंतीसमोर खूप वेळ बसलोय. एका बाईचा एवढा मोठा लेख दोन हजार वर्षं एका खिंडीत उभा आहे आणि आपली पोरं बाहेर उलट्या धबधब्याचा व्हिडिओ काढून परत जातात, आत डोकावत पण नाहीत, हे मला मनापासून लागतं. धबधबा जरूर बघा, वारा खिंडीतून इतक्या जोरात वर येतो की पडणारं पाणी परत वर फेकतो, सुंदरच आहे ते. पण दहा पावलं आत जा हो!

या लेखाची नोंद इंग्रजी काळात 1828 ला कर्नल साइक्स या माणसाने केली. हाच साइक्स आपल्याला हरिश्चंद्रगडावर परत भेटतो. तिथल्या कोकणकड्यावरून त्याला दरीतल्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसलं आणि मधोमध स्वतःची सावली. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. त्याला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात, समोर दरीत धुकं, पाठीशी सूर्य, आणि तुम्ही कड्यावर. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर सकाळचीच वेळ. संध्याकाळी जाऊन इंद्रवज्र दिसलं नाही म्हणून हिरमुसणारी माणसं मी बघितलीत, त्यांना कुणी हे साधं गणित सांगितलेलंच नसतं. आणि प्रत्येकाला आपलीच सावली मधे दिसते, शेजारी उभा असतो त्याला त्याची. कडा कसला आहे म्हणाल तर नागाच्या फण्यासारखा, आतून पोखरलेला, काठावर झोपून खाली बघितलं तरी त्याचा पाया दिसत नाही.

आता परत भंडारदऱ्याकडे येऊ, कारण तिथे एका दिवसात बघण्यासारखं इतकं आहे की लोक घाई करतात आणि सगळंच अर्धवट बघतात. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. शिलाहारांच्या झंझ राजाच्या नावाशी ते जोडलं जातं. शिखर बघताना लांब उभं राहा, छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा एकावर एक चढत गेल्यात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जवळच पुष्करणी आहे, चारी बाजूंना कोनाडे आणि त्यांत मूर्ती. हे मंदिर इथे का, याचं उत्तर मागे वळून बघितलं की मिळतं. मागे रतनगड, आणि त्या डोंगरात प्रवरा उगम पावते. समुद्रमंथनातल्या अमृताची कथा लोकांनी या नदीला जोडली, म्हणून ती अमृतवाहिनी. हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि मग गोदावरीला मिळते. मी रतनवाडीच्या ओढ्यात पाय सोडून बसलो की मला हा सगळा प्रवास डोळ्यापुढे येतो, म्हणून सांगितलं.

रतनगडावर लोखंडी शिड्या आहेत, त्या चढून दरवाज्यातून वर गेलं की टोकाला नेढं आहे, म्हणजे सुईचं भोक असतं तसं डोंगराला आरपार भोक. पुन्हा तेच बघा, कच्चा दगड वाऱ्यापावसाने काढून टाकला आणि पक्का राहिला. नेढ्यात बसलं की अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई आणि पलीकडे आजोबाचा डोंगर. कळसूबाई 1646 मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक. गडाच्या पायऱ्या मात्र सगळीकडे धड नाहीत, कारण 1818 नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. त्यांना माहीत होतं की या भेगा ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात मुलूख. शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी 1661 मधे उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाला गाठलं ते असंच, फौज मोठी पण अरुंद जागेत ती मोठी असून उपयोग काय.

आणि याच अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातले, देवगावचे. सावकारी आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले, याच घळी आणि कपाऱ्यांच्या भरवशावर लढले, आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता त्यांचं नाव आहे. धरण 1926 साली पूर्ण झालं, विल्सन गव्हर्नर होता म्हणून विल्सन डॅम. दोन डोंगरांमधली प्रवरेची वाट अडवली की धरण होतं, इंजिनीअरनेसुद्धा आधी सांदच शोधली. धरणावर लोक फोटो काढतात, काढा, पण राघोजींचं नाव मुलांना सांगून मग काढा.

मग या जुन्या वाटा ओस का पडल्या? 1863 ला बोरघाटातून रेल्वे वर आली, 1865 ला थळघाटातून. सगळा माल तिकडे गेला. नाणेघाट, करोली, असल्या वाटा गावकऱ्यांपुरत्या उरल्या. एका अर्थी त्यामुळेच त्या जशाच्या तशा राहिल्या.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की भंडारदऱ्याला काजवे बघायला कधी जाऊ. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला, पहिला मोठा पाऊस पडायच्या आधी. पण ताई, गाडीचे दिवे बंद ठेवा, मोबाईलचा टॉर्च नको, आणि गाडी गावात लावून चालत जा. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलवायला, आणि आपल्या उजेडात त्याला तो दिसतच नाही. मागे एका वर्षी मी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग बघितली, सगळ्यांचे हेडलाईट चालू, वर गाणी, आणि झाडावर अंधार. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा हा सगळा भाग 1986 पासून अभयारण्य आहे, आपण त्यांच्या घरात जातोय.

दुसरी चिठ्ठी आहे, सांदणला सकाळी किती वाजता उतरावं. उजाडल्याबरोबर निघा, म्हणजे जाताना गर्दी नसते आणि परत यायला घाई होत नाही. शेवटच्या टोकाला पोचून लगेच वळू नका. डबा तिथेच खा. भर दुपारी ऊन थोडाच वेळ तळापर्यंत उतरतं, भिंतीवर एक उजेडाची पट्टी येते आणि हळूहळू खाली सरकत डोहावर येते, पाणी तळापर्यंत हिरवं दिसतं, आणि मग ती समोरच्या भिंतीवर चढून निघून जाते.