ओढ लागते तेव्हा: ‘लाँग फॉर’

नमस्कार श्रोतेहो. इंग्रजीतल्या ‘टु लाँग फॉर’ या शब्दप्रयोगाबद्दल आज बोलायचं आहे. एखाद्या गोष्टीची ओढ लागणं, तिच्यासाठी जीव आसुसणं, हा त्याचा अर्थ.

मी इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला होता आजीवर. दूर गेलेल्या मुलाच्या फोनची आजी वाट बघते, म्हणून तिने लिहिलं, ‘शी वेट्स फॉर हिज कॉल.’ व्याकरण बिनचूक. पण पुढेच होतं की आजी दर थोड्या वेळाने फोनची काच पुसते, तो चालू आहे ना ते बघते. अहो, बसची वाट बघतानाही आपण ‘वेट’च म्हणतो! इथे जीव गुंतलाय. मी ‘वेट्स’ खोडून ‘लाँग्ज’ केलं.

‘लाँग’ म्हणजे लांब, हे आपण शाळेत शिकतो. ओढ लागण्याचं क्रियापदही त्याच मुळाचं आहे. माणूस जवळ नसलं की दिवस लांबतो, सरता सरत नाही. आपल्या ‘उत्कंठा’ शब्दातही उंचावलेली मान आहेच की. पण मला खरी भुरळ पडते ती जुन्या इंग्रजीतल्या वाक्यरचनेची. तेव्हा या क्रियापदाबरोबर ‘आय’ नव्हे, इंग्रजीतलं ‘मी’ हे रूप येई, म्हणजे आपलं ‘मला’. आपण तरी कुठे ‘मी ओढ लावते’ म्हणतो? मला ओढ लागते. ती ठरवून लावून घेता येत नाही. इंग्रजीत पुढे तिथे ‘आय’ आला, मराठीने ‘मला’ जपलं.

वापरताना पुढे नाम असेल तर ‘फॉर’ हवंच, ‘आय लाँग फॉर रेस्ट’. क्रियापद असेल तर ‘टु’, ‘आय लाँग टु सी हर’. आणि साधं पेन हवं असताना ‘लाँग’ म्हणू नका, शब्द फार भारी आहे.

‘मिस’शी मात्र गल्लत होते. ‘मिस’ करतो ते कधीतरी आपल्याजवळ होतं. ‘लाँग’ला ती अट नाही. ज्याला घर कधी लाभलंच नाही, तोही घरासाठी ‘लाँग’ करतो.

त्या मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, आजी झुरते असं म्हणायचं असेल तर?’ झुरण्याला ‘पाइन फॉर’ आहे. त्या ‘पाइन’चा पाइनच्या झाडाशी संबंध नाही, तो आणि वेदना या अर्थाचा ‘पेन’, दोन्ही लॅटिनमधल्या शिक्षा या अर्थाच्या एकाच शब्दातून आले. झुरणारं माणूस खंगत जातं, असं मी तिला सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘नाही, आजी खंगलेली नाही. फोन आला की तासभर बोलते.’

निबंधात ‘लाँग्ज’च राहिलं.