किती खायचं ते बाळ ठरवेल

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात निवृत्त बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

या, पुढे या. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवू नका, मी इंजेक्शन आणलेलं नाही. पत्रिकेवर विषय छापलाय 'पहिल्या पाच वर्षांतला आहार आणि वाढ'. मला ४५ मिनिटं दिली आहेत आणि पावणेआठला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय, हे सेक्रेटरींनी मला तीनदा सांगितलंय. चौथ्यांदा ते चिठ्ठी पाठवतील.

मी ३४ वर्षं इथेच दवाखाना चालवला. ताप, खोकला, जुलाब सगळं पाहिलं, पण सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार एकच, "डॉक्टर, हा काही म्हणजे काही खात नाही हो." सांगणारी आई रडवेली. शेजारी आजी, चेहऱ्यावर 'आता तुम्हीच बघा' असे भाव. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो माझं स्टूल ओढत दाराकडे निघालेला. उपाशी पोर स्टूल ओढेल का?

एकदा अशाच एका आईला म्हटलं, ती जी वाटी तो संपवत नाही म्हणता ना, ती उद्या घेऊन या. आणली बिचारीने. स्टीलची, घरात आमटीला घेतात ती. म्हणजे बाबांची. तापाच्या औषधाच्या बाटलीवर १० मिलीचं झाकण असतं, त्याने मी त्या वाटीत पाणी ओतत गेले. बाहेर पेशंट ताटकळलेले आणि मी आत झाकणं मोजतेय! २४ झाकणं बसली, म्हणजे २४० मिली. आता बाळाचं वजन साडेआठ किलो. एवढ्या लहान बाळाच्या जठरात एका वेळी मावतं किलोमागे साधारण ३० मिली. करा गुणाकार. अडीचशेच्या आसपास. त्यात अर्ध्या तासापूर्वी त्याला बाटलीभर दूध पाजलेलं. अर्धी वाटी खाऊन त्याने तोंड फिरवलं, तर त्याचं कुठे चुकलं? त्या बाई वाटीकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज त्याला दुप्पट भरवत होते?" भरवत नव्हतात हो, भरवायला बघत होतात. तो हुशार होता.

दुसरं एक गणित सांगते. आपलं मूल जन्माला येतं पावणेतीन-तीन किलोचं. पाचव्या महिन्याच्या सुमाराला दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. या वेगाची आपल्याला इतकी सवय होते की तो तसाच चालू राहावा असं वाटतं. समजा राहिला. पहिल्या वाढदिवसाला ९ किलो, दुसऱ्याला २७, तिसऱ्याला ८१! औक्षणाला पाट पुरायचा नाही. निसर्गाला हे परवडत नाही म्हणून तो ब्रेक लावतो. पहिल्या वर्षात सहा-साडेसहा किलो वाढलेलं बाळ दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं, पुढे वर्षाला दोनेक. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावणार. नेमकं त्याच वेळी त्याला पाय फुटतात, म्हणजे खाण्यापेक्षा कपाटातली भांडी जास्त महत्त्वाची. आणि त्याच वेळी आजी म्हणते, "आधी कसं सगळं खायचा, दृष्ट लागली." दृष्ट काढा, माझी हरकत नाही. मिठाचे खडे त्याच्या पोटात जात नाहीत तोवर ठीक.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. जेवणात दोन खाती आहेत. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून द्यायचं, हे आपलं खातं. त्यातलं किती खायचं, आणि खायचं की नाही, हे बाळाचं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी फार नीट मांडली आहे. आपण केलंय काय, तर त्याचं खातं बळकावलंय आणि आपलं सोडून दिलंय. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारा. कठड्यावर बाबा, मांडीवर पोर, पोरासमोर मोबाइल, त्यात कार्टून. तोंड उघडलं की चमचा आत. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणताना निदान चिऊ-काऊ खरे समोर असायचे, आणि पोट भरलं की पोरगं मान फिरवायचं. आता मान फिरवायला त्याला कळायला तर हवं की आपण जेवतोय!

हे झालं बळकावण्याचं. आता सोडून देण्याचं. माफ करा, इथे जरा घरचं रडगाणं आहे.

माझा नातू साडेतीन वर्षांचा. घोडबंदर रोडला एका नर्सरीत जातो. नाव सांगणार नाही, तुमच्यातल्या कुणाची तरी नातवंडं तिथे असणार. पहिल्या आठवड्यात सुनेने डब्यात मऊ मेतकूट-भात दिला, वर तूप. डबा परत आला, आत चिठ्ठी, 'प्लीज सेंड ओन्ली ड्राय स्नॅक'. दुसऱ्या दिवशी मुगाचं धिरडं, सोबत चमचाभर दही. पुन्हा चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी ती वैतागली, चार बिस्किटं टाकली. पोरगं घरी आलं ते हातावर स्टार घेऊन. बिस्किटांना स्टार! मैदा, साखर आणि पामतेल यांचा जाहीर सत्कार.

मी गेले भेटायला. डॉक्टर म्हणून नाही, आजी म्हणून, म्हणजे जास्त तयारीने. बाईंनी छान बसवलं, चहा दिला. मी लोह सांगितलं, प्रथिनं सांगितली, दुधाचे दात सांगितले. त्या सगळ्याला हो म्हणाल्या. मग खाली बोट दाखवून म्हणाल्या, "मॅम, कार्पेट." हिरवंगार, नवंकोरं, त्यावर ए-बी-सी. वरण सांडलं तर कोण पुसणार? आता त्यांचीही अडचण खरी आहे हो. पंचवीस मुलं, दोन मावश्या. पण याचा अर्थ असा की ठाण्यातल्या पंचवीस मुलांनी सकाळी काय खायचं हे त्यांची आई ठरवत नाही, आजी ठरवत नाही, मी तर नाहीच नाही. कार्पेट ठरवतं.

थांबा, पुढे आहे. महिन्याभराने तिथे 'हेल्दी ईटिंग डे' झाला. मुलांनी भाज्या होऊन यायचं. आमचं गाजर झालं. केशरी कागद कापून, डोक्यावर हिरवा झुपका बांधून सुनेची रात्र गेली. कार्यक्रमात गाजराने 'मी डोळ्यांसाठी चांगला' असं इंग्रजीत सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि मग शेजारच्या भेंडीबरोबर बसून क्रीमची बिस्किटं आणि वेफर्स खाल्ले. कोरडे होते ना!

हसताय, पण हे 'काय द्यायचं' प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते ऐका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी १९२६ च्या सुमाराला एक धाडस केलं. अंगावरून नुकत्याच सुटलेल्या १५ बाळांसमोर तीसेक पदार्थ वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवले. धान्य, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस. सगळं साधं, साखर नाही, डबाबंद काही नाही. नर्सने चमचा धरून बसायचं, बाळाने बोट दाखवलं तरच द्यायचं, काही बोलायचं नाही. आपल्याकडच्या एकाही आजीला ही नोकरी जमली नसती. बाळांची एकेक जेवणं विचित्र, पण महिन्यांचा हिशेब केला तर सगळी धडधाकट वाढली. एकाला मुडदूस होता, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ झालेली. तो बरा होईपर्यंत आपणहून कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे ते जीवनसत्त्व असलेलं माशाचं तेल, घेत राहिला. हे लोक हमखास सांगतात. डेव्हिसबाईंनी स्वतः जे म्हटलं ते मात्र गाळतात. खरी खुबी पदार्थांच्या यादीत होती, असं त्या म्हणाल्या. टेबलावर बिस्कीट नव्हतंच, त्यामुळे बाळ काहीही निवडो.

आली चिठ्ठी. 'दहा मिनिटे'. दहा मिनिटांत पाच वर्षं. बरं.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न, म्हणजे आपलं उष्टावणाचं वय बरोबरच होतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जीवघेणी विषबाधा, होऊ शकते. मीठ-साखर वर्षाच्या आत नको, साखर दोन वर्षांपर्यंत टाळता आली तर उत्तम.

पातळ देऊ नका. भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी हे मी घरोघर पाहिलंय. मघाची वाटी आठवा. जागा अडीचशे मिलीची, ती पाण्याने भरलीत तर डाळ कुठे बसणार? चमचा कलता केला तर चटकन ओघळू नये इतकं घट्ट हवं, वर तूप. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून पीठ केलंत तर मोडातलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य पिठातलं पिष्ट तोडतं. खीर सैल राहते, त्यामुळे पीठ जास्त घालता येतं.

लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी ६७ जणांना रक्तक्षय निघाला. 'ते तिकडे पाड्यांवर' असं म्हणू नका. शहरातला आकडाही साठीच्या वरच आहे. पाड्यांचं दुःख वेगळं आहे. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हा जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. तिथे ताटात काही नव्हतं. इथे ताट भरलेलं आहे आणि पोट दुधाने. दुधात लोह जवळजवळ नाहीच. वर्षानंतर दिवसाला ४००-५०० मिली दूध पुरे. लिटरभर पिणारं मूल गुबगुबीत दिसतं आणि फिकट असतं. डाळी, अळीव, पालेभाजी, अंडं, खात असाल तर मासे, मटण. वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहात बिस्कीट बुडवून देऊ नका, चहा लोह अडवतो. औषध लागलं तर डॉक्टर देतील, स्वतः बाटली आणू नका.

नवीन भाजी पहिल्यांदा थुंकणारच. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढे यावी लागते. चिमूटभर वाढा, स्वतः खा, गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

आणि वाढ बघायची असेल तर ताट बघू नका, वजनाचं कार्ड बघा. हल्लीचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेचे, २००६ चे. सहा देशांतल्या मुलांवरून केलेत, त्यात आपली दिल्लीची मुलंही होती, म्हणजे 'ते गोऱ्यांचे तक्ते' ही सबबही गेली. एका आकड्याला अर्थ नाही, रेघ बघायची. रेघ आपल्या वळणाने वर जातेय तर घरी जाऊन झोपा. आडवी पडली किंवा खाली वळली, तर मात्र 'आमच्याकडे सगळे बारीकच' म्हणत बसू नका, दवाखान्यात या. म्हणजे, जा. मी निवृत्त आहे.

टाळ वाजले दारात. उठते. काय? गाजराचं पुढे काय झालं?

गाजर बरं आहे. परवाच वजन केलं, रेघ जागेवर आहे. डब्यात हल्ली थालीपिठाचे तुकडे नेतं. अगदी कोरडे. तूप आम्ही भाजतानाच आत मुरवतो.