त्वचेच्या ओपीडीत झोपेची चौकशी

मंडळी, सोरायसिस असो, इसब असो, अंगावर पित्त उठणं असो, दवाखान्यातून निघताना पेशंटला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "टेन्शन घेऊ नका." आम्ही त्वचारोगतज्ज्ञच ते म्हणतो, आणि माझ्या मते त्यानं अपाय होतो.

ताणानं त्वचारोग बळावतो, हे खरंच आहे. ताणात त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांमधून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं, त्यानं मास्ट पेशी चेतवल्या जातात, त्या हिस्टॅमिन सोडतात आणि खाज सुटते. खाजवून त्वचा सोलवटते, की खाज आणखी वाढते. रात्रीची झोप जाते, दिवसभर चिडचिड होते. यात सुरुवात मनापासून झाली की त्वचेपासून, कोण सांगणार? पेशंटला मात्र एवढंच ऐकू येतं की हे दुखणं त्यानंच ओढवून घेतलंय.

उलट दिशेचा, म्हणजे त्वचारोगाबरोबर मनही खचतं याचा, पुरावाही भक्कम आहे. युरोपातल्या 13 देशांमधल्या त्वचारोग ओपीडींत 3,600 हून अधिक पेशंटची पाहणी झाली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. त्वचारोग असलेल्यांत नैराश्य 10 टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत 4 टक्के. आत्महत्येचे विचार जवळपास 13 टक्के पेशंटच्या मनात येऊन गेले होते. मी हा आकडा वाचून पुढे जाऊ शकत नाही, कारण हीच माणसं रोज आमच्यासमोर बसतात आणि आम्ही फक्त चट्टे बघतो.

कोडाचंच घ्या. सहसा दुखत नाही, खाजत नाही, स्पर्शानं पसरत तर नाहीच. तरी मुलीचं लग्न मोडतं, धाकट्या बहिणीचंही अडतं. कोणतं टेन्शन घेऊ नको म्हणून सांगायचं तिला?

फिन्ले आणि खान या डॉक्टरांनी 1994 मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफला 10 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे संकोच वाटला का, कपडे निवडताना अडलं का, कामावर परिणाम झाला का, असे साधे प्रश्न. एकूण गुण 30. 10 च्या वर गेले की त्रास मोठा समजायचा. भरायला काही मिनिटं लागतात. गालावरच्या रुपयाएवढ्या डागाला पाठभर पसरलेल्या चट्ट्यांपेक्षा जास्त गुण पडू शकतात. ही प्रश्नावली प्रत्येक ओपीडीत हवी, आणि तिच्या जोडीला एक प्रश्न: झोप लागते का?

आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायची वेळ आली, तर त्याच कागदावर आपल्याकडच्या पुढच्या भेटीची तारीखही लिहावी. नाहीतर आपल्याला वेड्यात काढून कटवलं, असं वाटून पेशंट तिकडेही जात नाही आणि इकडेही परत येत नाही.