छोट्या गावात मिश्रवंशीय कुटुंब: घर घेण्याआधी काय तपासायचं

मंडळी, घरात एक जण मराठी, दुसरा गोरा, कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा कोरियन. मुलांचा तोंडवळा दोन्हीकडचा. आणि नोकरीसाठी किंवा परवडणाऱ्या घरासाठी अमेरिकेतल्या पाच ते पन्नास हजार वस्तीच्या गावात जायचा विचार चाललेला. अशांनी गाव कसं पारखायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

कायद्याचा प्रश्न १२ जून १९६७ ला मिटला. लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, तोवर १६ राज्यांत आंतरवंशीय लग्न बेकायदा होतं. अलाबामाच्या राज्यघटनेतून ते मेलेलं कलम निघायला मात्र २००० साल उजाडलं, आणि तेव्हाही मत देणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक ‘राहू द्या’ म्हणाले. गॅलपच्या पाहणीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला १९५८ साली ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ९४ टक्के. हा आकडा ऐकून बरं वाटतं, पण पाहणीवाल्याला फोनवर दिलेलं उत्तर आणि घर भाड्याने मागायला आल्यावर दिलेलं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लोक चांगले आहेत हो’ हे तर प्रत्येक गावाबद्दल ऐकू येतं, आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही असतं. त्यापेक्षा गावाला वेगळ्या दिसणाऱ्या माणसांची सवय आहे का, किती वर्षांची, आणि ती शाळेपर्यंत, पोलिसांपर्यंत, घरमालकापर्यंत झिरपली आहे का, हे विचारायला हवं.

नावलौकिकावर गेलं की फसायला होतं. प्यू संस्थेने २०१७ मध्ये नवविवाहितांचे आकडे काढले. देशभरात सहा नवविवाहितांपैकी साधारण एकाचा जोडीदार वेगळ्या वंशाचा किंवा वेगळ्या (लॅटिनो-बिगरलॅटिनो) गटातला, होनोलुलूत हे प्रमाण ४२ टक्के, आणि तळाला दोन नावं: मिसिसिपीतलं जॅक्सन आणि नॉर्थ कॅरोलायनातलं अ‍ॅशव्हिल, दोन्ही ३ टक्के. अ‍ॅशव्हिल म्हणजे चित्रकार, योगवर्ग, उदारमतवादी मंडळी. जॅक्सनची ख्याती बरोबर उलटी. आकडा मात्र तोच. अ‍ॅशव्हिल परिसरात गोरे इतके बहुसंख्य की लग्न करायला दुसरं कोणी फारसं नाही. जॅक्सनमध्ये दोन्ही समाज मोठे, पण मध्ये भिंत. तुमच्या कुटुंबासाठी या दोन अडचणी अगदी निराळ्या आहेत. पहिल्या ठिकाणी लोक प्रेमाने वागतील, पण शाळेत मूल एकटं पडेल. दुसरीकडे मुलाला ‘तू कोणाकडचा?’ याचं उत्तर द्यावं लागेल.

म्हणून सुरुवात जनगणनेपासून. डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या संकेतस्थळावर गावाचं नाव घालून २०२० च्या जनगणनेच्या मतदारसंघ-पुनर्रचना संचातले (पीएल ९४-१७१) तीन तक्ते उघडा. पी१ मध्ये वंशानुसार सगळी लोकसंख्या, पी३ मध्ये फक्त अठरा वर्षांवरची. पी१ मधून पी३ वजा केलं की मुलं उरतात, आणि आपल्याला तीच मोजायची आहेत. ‘दोन किंवा अधिक वंश’ ही ओळ मुलांमध्ये मोठ्यांच्या तुलनेत किती मोठी आहे ते पाहा. पण २०१० शी तुलना जपून करा. देशभरात या ओळीतली माणसं ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेली, त्यात प्रश्न विचारण्याची आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलल्याचा मोठा वाटा आहे. गाव दहा वर्षांत बदललं, असा अर्थ त्यातून काढू नका.

तिसरा तक्ता पी५. लोक तो उघडतच नाहीत, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. त्यात तुरुंग, वसतिगृहं, बराकी यांत राहणारी माणसं असतात. जनगणना कैद्याला तो बंद असलेल्या गावात मोजते. त्यामुळे एखादं चार-पाच हजार वस्तीचं गाव कागदावर ३० टक्के कृष्णवर्णीय आणि लॅटिनो दिसतं, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर त्यातलं कोणीच भेटत नाही, कारण ते कुंपणाआड आहेत. कॉलेजच्या गावात हाच घोटाळा सौम्य रूपात होतो. विविधता दिसते, पण ती १८ ते २२ वयाची असते आणि मे महिन्यात निघून जाते. तरी कॉलेज जुनं असेल तर गोष्ट वेगळी. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजने १८३५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले. तिथल्या गावाला सवय आहे असं म्हणता येतं.

जनगणनेव्यतिरिक्त दरवर्षीची समुदाय पाहणी असते. ६५ हजारांखालच्या गावांसाठी तिचे सविस्तर आकडे फक्त पाच वर्षांचे एकत्रित मिळतात आणि शेजारी ‘अधिक-उणे’ लिहिलेलं असतं. ते वाचा. ‘आशियाई १२०, अधिक-उणे ११०’ असं असेल, तर तिथे दहा माणसं असतील किंवा दोनशे तीस. अशा आकड्यावर घर घेऊ नये.

आता सवय येते कुठून? बहुधा एखाद्या मालकाकडून, म्हणजे कारखाना, इस्पितळ किंवा विद्यापीठ. आपल्या लोकांना जवळचं उदाहरण इंडियानातल्या कोलंबसचं. कमिन्स कंपनीचं मुख्यालय तिथे आहे, आणि किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ साली सुरू झाली. त्यामुळे कोथरूड-कर्वेनगरकडची घरं या गावाला चांगलीच ओळखतात. वस्ती जेमतेम पन्नास हजार. कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर हे १९६३ मध्ये राष्ट्रीय चर्च परिषदेचे अध्यक्ष होते आणि नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या त्या ऐतिहासिक मोर्च्याला त्यांचा उघड पाठिंबा होता. सार्वजनिक इमारतींसाठी उत्तम वास्तुरचनाकारांचं शुल्क कंपनीच्या प्रतिष्ठानाने भरलं, आणि एवढ्याशा गावात सारिनेन आणि पेई यांच्यासारख्या नामवंत वास्तुरचनाकारांच्या इमारती दिसतात. बाहेरचे लोक बोलावून घ्यायचे, ही तिथली दोन-तीन पिढ्यांची रीत आहे. आणि हा जिल्हा मतदान रिपब्लिकन करतो, माजी रिपब्लिकन उपराष्ट्राध्यक्ष माईक पेन्स तिथलेच. मतदानाच्या नकाशावरून गाव निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मात्र मालकामुळे आलेलं स्वागत मालकाच्या ओळखपत्राला चिकटलेलं असू शकतं. अभियंता जोडीदाराला जे मिळतं ते घरी असणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या जोडीदाराला मिळतं का, हे वेगळं विचारा. शिवाय नोकरी गेली तर गावात दुसरा मालक आहे का? एच-१बी वर असाल तर नोकरी सुटल्यानंतर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि छोट्या गावात तेवढ्यात दुसरी नोकरी मिळणं कठीण.

गावाइतकंच महत्त्वाचं आहे गावाच्या भोवती काय आहे ते. आर्कान्सातलं बेंटनव्हिल वॉलमार्टमुळे भारतीयांनी भरलेलं आहे. मंदिर आहे, क्रिकेट आहे. तिथून पूर्वेला साधारण दीड तासावर हॅरिसन लागतं. १९०५ आणि १९०९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांना हुसकावून लावलं गेलं. तिथल्याच काही रहिवाशांनी २००३ मध्ये वंशसंबंधांसाठी समिती नेमली, तेही सांगायला हवं. ‘कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबायचं नाही’ अशा गावांची यादी इतिहासकार जेम्स लोवेन यांनी जमवायला घेतली, ती आज मिसिसिपीतल्या टूगालू कॉलेजकडे आहे. आपलं गाव, शेजारची गावं आणि कामाला जायच्या रस्त्यावरची गावं तिथे शोधा. नोंदीत ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘शक्य’ अशा पायऱ्या असतात. ‘शक्य’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे, आणि शंभर वर्षांपूर्वीची नोंद म्हणजे आजचा निकाल नव्हे. मात्र त्या नोंदीबद्दल आज गावात विचारलं तर लोक माहिती देतात की विषय बदलतात, यावरून बरंच कळतं.

शाळेवर थोडा जास्त वेळ देतो, कारण मूल रोज सात तास तिथे असतं. केंद्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या शाळाशोधात प्रत्येक सरकारी शाळेची पटसंख्या इयत्तेनुसार आणि वंशानुसार मिळते. जिल्ह्याची टक्केवारी बघून थांबू नका, आपल्या मुलाच्या शाळेपर्यंत जा. इयत्तेत ८० मुलं आणि ४ टक्के बिगरगोरी, म्हणजे तीन मुलं. त्यातलं एक तुमचं. माझ्या मते इयत्तेत सहा-सातहून कमी असतील तर मूल ‘ते एक’ म्हणूनच ओळखलं जातं, मग शाळा कितीही चांगली असो. आकडे वाचताना एक खोच लक्षात घ्या. वडील मेक्सिकन आणि आई मराठी असेल, तर शाळेच्या सरकारी नोंदीत मूल फक्त ‘हिस्पॅनिक’ होतं. वडील गोरे असतील तर ‘दोन किंवा अधिक वंश’. तेव्हा ‘आशियाई शून्य’ दिसलं तरी अर्धमराठी मुलं दुसऱ्या ओळीत असू शकतात.

पुढची पायरी केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या शाळा-नोंदींची. शाळेतून काही दिवस काढून टाकण्याची शिक्षा कोणाला किती वेळा झाली आणि प्रगत वर्गांत कोण आहे, हे तिथे वंशानुसार दिलेलं असतं. एखादा गट पटावर एक दशमांश आणि शिक्षांमध्ये एक तृतीयांश असा फरक दिसला तर मुख्याध्यापकांना भेटून थेट विचारा. छोट्या शाळेत दोन मुलांमुळेही टक्केवारी उडी मारते, म्हणून एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका, मागच्या एक-दोन फेऱ्याही बघा.

पोलिसांचं गणित उलटं आहे. एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या तक्त्यात छोट्या गावापुढे शून्य दिसलं की लोक निर्धास्त होतात. माहिती देणं स्थानिक पोलिसांवर बंधनकारक नाही. कित्येक ठाणी वर्षानुवर्षं शून्य कळवतात किंवा काहीच कळवत नाहीत. त्यापेक्षा पोलिसांनी कोणत्या वंशाच्या चालकांची वाहनं थांबवली याच्या नोंदी उपयोगी. मिसुरीत २००० पासून आणि इलिनॉयमध्ये २००४ पासून त्या ठाण्यागणिक प्रसिद्ध होतात. सगळ्याच राज्यांत त्या मिळत नाहीत.

भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांचा विचार इथेच करायला हवा. अलाबामातलं मॅडिसन हे हंट्सव्हिलजवळचं अभियंत्यांचं, सुस्थितीतलं, ‘राहायला उत्तम’ म्हणून मिरवणारं गाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा तिथे सकाळी फिरत होते. कोणीतरी ‘अनोळखी कृष्णवर्णीय माणूस’ म्हणून फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसावरच्या खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी तो सुटला. गाव निवडताना पदपथ आहेत का, लोक पायी फिरतात का, हे म्हणून बघायचं. जिथे कोणीच चालत नाही तिथे चालणारा माणूसच संशयित ठरतो. आजोबा आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्यांना घेऊन आजूबाजूच्या घरांची दारं वाजवा, ओळख करून द्या. त्यांच्या खिशात पत्ता, तुमचा नंबर आणि ‘मला इंग्रजी कमी समजतं’ असा कागद ठेवा. पोलिसांनी हटकलं तर जागेवर उभं राहायचं, हात दिसू द्यायचे, खिशात घालायचे नाहीत, एवढं मराठीत नीट समजावून सांगा.

गाव बघायला ऑक्टोबरच्या जत्रेत जाऊ नका, फेब्रुवारीतल्या मंगळवारी जा. एकदा सगळे मिळून, मग प्रत्येकाने एकेकट्याने. गोऱ्या जोडीदाराबरोबर असताना मराठी बाईला मिळणारी वागणूक आणि तिला एकटीला मिळणारी वागणूक यांत कधी कधी बरीच तफावत असते. घरात ज्याला सर्वात जास्त सोसावं लागेल, त्याचा अनुभव हाच कुटुंबाचा निकाल धरा. जोडीदार कृष्णवर्णीय असेल तर त्याने एकट्याने, अंधार पडल्यावर, गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर थांबून बघावं. हॉटेलात ‘बिल वेगवेगळं करायचं ना?’ असं विचारलं जातं का? मुलाला घेऊन वाचनालयात गेलात तर तुम्हाला आई समजतात की सांभाळणारी बाई? लोक वळून बघतात, त्याचं फार मनावर घेऊ नका, छोट्या गावात नव्या गाडीकडेही वळून बघतात. त्यानंतर पुढचं वाक्य काय येतं, ते ऐका. त्याच आठवड्यात शुक्रवारी रात्री शाळेची बास्केटबॉल मॅच असेल तर जरूर जा आणि बाकांवर कोण कोणाशेजारी बसलंय ते बघा. कुरळ्या केसांचं मूल असेल तर ते केस कापू शकणारा न्हावी किती मैलांवर आहे हेही विचारून घ्या, कारण दर तीन आठवड्यांनी तेवढं अंतर तुम्हाला कापायचं आहे.

घराच्या एजंटला ‘इथे कसे लोक राहतात?’ असं विचारू नका. १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्यामुळे वंशावरून वस्ती सुचवणं त्याला मना आहे. चांगला एजंट गप्प बसेल आणि वाईट एजंट बोलेल. तुमच्या बजेटातली गावभरची सगळी घरं मागा. तो एकाच भागातली दाखवत राहिला, तर बाकीची का नाहीत ते लेखी विचारा. घर १९२० ते ४८ च्या दरम्यानच्या वसाहतीतलं असेल, तर खरेदीखतात आशियाई किंवा कृष्णवर्णीयांना विकू नये अशी अट सापडू शकते. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ती न्यायालयात अमलात आणता येत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत ती रीतसर निकामी करून घेता येते.

तरीही पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. शोधताना उच्चार भारतीय असणाऱ्याने फोन केल्यावर ‘घर गेलं’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्याने त्याच दिवशी त्याच घरासाठी फोन करावा, आणि दोन्ही कॉलच्या वेळा, नावं, संदेश जपून ठेवावेत. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करायला एक वर्ष असतं, थेट न्यायालयात जायला दोन. करार जुलै किंवा ऑगस्टपासून करा, म्हणजे शाळेचं पूर्ण वर्ष आणि एक हिवाळा मिळतो. मुदतीआधी सोडायचं झाल्यास किती महिन्यांचं भाडं भरावं लागेल, तो आकडा करारात घालून घ्या. घर घ्यायचं की नाही हे मार्चमध्ये ठरवा. तोवर मुलाला वाढदिवसाची बोलावणी किती आली ते कळलेलं असतं, आणि विक्रीची घरं वसंतातच बाजारात येतात.