हॉप्सचा चोथा आणि निवळ वर्ट

[गॅस बंद होतो. पातेल्यातली उकळी हळूहळू शांत होते.]

बिअरची तासाभराची उकळी संपली. पातेल्यात २२ लिटर वर्ट आहे, म्हणजे माल्टचं (मोड आणून सुकवलेल्या धान्याचं) गोड पाणी, आणि त्यात १०० ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. पळी बुडवून वर काढली की हिरवट चिखल दिसतो, आणि त्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. गुठळ्या हॉप्सच्या नाहीत. माल्टमधली प्रथिनं उकळीत साकळतात, त्यांच्या त्या. चोथा आणि गुठळ्या मिळून जो साका होतो, त्याला ब्रूअर ट्रब म्हणतात. तो मागे ठेवायचा आणि वरचं वर्ट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, न्यायचं, काम एवढंच. ते अडतं बहुतेक वेळा एकाच कारणाने: हॉप्स कोणत्या रूपात आहेत हे न पाहता निवडलेली जाळी.

[दोन वाट्या. एकीत सुकी अख्खी फुलं, दुसरीत हिरव्या गोळ्या.]

अख्खी फुलं उकळीत मऊ होतात, पाकळ्या सुटतात, पण त्या पाकळ्याच राहतात. तोटी उघडली की त्या जाळीवर रचत जातात आणि तो थरच गाळणी होतो. गुठळ्याही त्यात अडकतात. तोटीच्या आतल्या टोकाला स्टीलच्या जाळीची नळी किंवा तळाशी भोकांची चकती एवढं पुरतं.

गोळ्या म्हणजे दळून दाबलेली फुलं. उकळत्या वर्टमध्ये पडल्या की त्यांची पुन्हा भुकटी होते. तीच जाळीची नळी आता पहिले काही लिटर नीट सोडते, मग धार बारीक होते, मग थेंब. भुकटी आणि चिकट प्रथिनं यांचा लेप जाळीवर बसलेला असतो. चमच्याने खरवडून उपयोग नाही. मिनिटभर वाहतं आणि पुन्हा चोंदतं. गोळ्या वापरायच्या असतील तर ही नळी काढूनच टाकावी.

[लांब दांड्याची पळी कडेकडेने फिरते. मधोमध खळगा पडतो.]

गोळ्यांना भोवरा मानवतो. गॅस बंद केल्यावर पळी पातेल्याच्या कडेने, एकाच दिशेने, दीडदोन मिनिटं जोरात फिरवायची. मग पळी बाहेर, आणि १५ ते २० मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही. कपातला चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते, तेच इथे घडतं. आइनस्टाइनने १९२६ मध्ये याचा उलगडा केला होता. तळालगतचं पाणी घर्षणामुळे मंदावतं, त्याला बाहेर फेकणारा जोर कमी पडतो, आणि कडेचा जास्त दाब त्याला आत ढकलतो. जाताना ते गाळ सोबत नेतं. शेवटी तळाच्या मध्यावर चोथ्याची टेकडी उभी राहते.

म्हणून वर्ट कडेने काढायचं. तोटीच्या आतली वाकडी नळी मध्याकडे वळलेली असेल तर ती नेमका गाळच ओढते. तिचं तोंड भिंतीलगत हवं, तळापासून सेंटिमीटरभर वर. तोटी आधी थोडीच उघडायची. एकदम पूर्ण उघडली की टेकडी ढासळते.

पातेल्यात थंड करायची तांब्याची गुंडाळी असेल तर ती भोवरा मोडते. अशा वेळी आधी थंड करा, गुंडाळी बाहेर काढा, निर्जंतुक केलेल्या पळीने भोवरा द्या आणि अर्धा तास थांबा. थंड होताना वेगळी झालेली बारीक प्रथिनंही मग खाली बसतात. भोवरा गरम असताना दिलात, तर त्या २० मिनिटांतही हॉप्स कडवटपणा सोडत असतात, हे हिशेबात धरा.

[पातेल्याच्या काठावर टांगलेला जाळीचा डबा.]

दुसरा मार्ग म्हणजे चोथा मोकळा सुटूच द्यायचा नाही. मलमलची पिशवी स्वस्त पडते, पण ती एकतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. गोळ्या फुगतात, आणि घट्ट भरलेल्या पिशवीत मधले हॉप्स कोरडेच राहू शकतात. कडवटपणा थोडा कमी उतरतो म्हणून बरेच जण हॉप्स दहा टक्के वाढवतात. जाळीच्या डब्याला ३०० ते ४०० मायक्रॉनची वीण चालते. डब्यातली पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा वेगळी दिसू लागली की जाळी चोंदली असं समजा. डबा दोनचारदा वरखाली करा. त्याचा बूड तळाला किंवा हीटिंग एलिमेंटला टेकू देऊ नका. गुठळ्या मात्र डब्याबाहेरच राहतात, त्यामुळे भोवरा टळत नाही.

स्वयंपाकघरातल्या गाळणीतून ओतायचं असेल तर वर्ट थंड झाल्यावरच. २२ लिटर उकळतं पातेलं उचलणं हा निव्वळ वेडेपणा आहे. थंड वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं, गाळणीसकट. सायफन करत असाल तर नळीच्या टोकाला उकळून घेतलेली स्टीलची घासणी बांधा. अख्ख्या फुलांना ती छान चालते.

जिथे गाळ खरोखर महागात पडतो ती जागा म्हणजे प्लेट चिलर, पत्र्यांच्या थरांमधून वर्ट नेऊन थंड करणारं उपकरण. त्याच्या पत्र्यांमधल्या फटीत हॉप्सचे कण अडकले की ते उघडून घासता येत नाही. त्याच्या आधी गाळणी हवीच, आणि वापरानंतर लगेच उलट दिशेने पाणी सोडायला हवं.

[फर्मेंटरमध्ये जाणारी धार. शेवटी ती गढूळ होते.]

फर्मेंटरमध्ये थोडा साका गेला तर बिघडत नाही. तो यीस्टखाली दबतो, आणि त्यातले स्निग्ध पदार्थ यीस्टला उपयोगीच पडतात. काचेसारख्या वर्टच्या हट्टापायी दोन लिटर पातेल्यात सोडणं परवडत नाही. १०० ग्रॅम हॉप्स तसेही अर्धा ते एक लिटर पिऊन बसतात, म्हणून २० लिटर हवं असेल तर सुरुवातीलाच २२ धरायचे.

तळाचा गढूळ लिटरभर स्वच्छ बरणीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी साका खाली आणि निवळ वर्ट वर असतं. तेवढं ओतून घ्या, दहा मिनिटं उकळा, थंड करा. यीस्टच्या स्टार्टरला, म्हणजे यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घ्यायला, ते चालतं. दाट वाटलं तर उकळण्याआधी पाणी घाला.