उशाशी ठेवण्याजोगं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वीची आषाढातली रात्र. गोव्यात म्हार्दोळला आमच्या घरी संध्याकाळी गेलेली लाईट दहा वाजले तरी आली नव्हती. आईला भजन ऐकल्याशिवाय झोप लागत नाही, आणि ते भजन होतं माझ्या मोबाइलमध्ये. मोबाइलची बॅटरी केव्हाच संपली होती. अंधारात आई म्हणाली, "तुझ्या बाबांचा आवाज फोनमध्ये कोंडून ठेवलायस रे."

बाबा देवळातल्या भजनी सप्ताहात गायचे. त्यांच्या कॅसेटी आमच्याकडे होत्या. पावसाळ्यात त्यांना पांढरी बुरशी धरायला लागली, तेव्हा त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई करता येत नाही. एवढं करून तो आवाज एका चार्जरवर अवलंबून राहिला, हे मला त्या रात्री फार लागलं.

म्हणून आईसाठी नुसती गाणी वाजवणारा, खिशात मावेल असा एमपीथ्री प्लेअर शोधायला लागलो. अ‍ॅपलनं 2022 मध्ये आयपॉड हा आपला खिशातला प्लेअर बंद केला, त्यामुळे ही वस्तूच संपली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हजार-दीड हजारांपासून साधे प्लेअर आजही मिळतात. सारेगामा कंपनीचा कारवाँ हा प्लेअर 2017 साली आला, त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात. ज्यांना जुनी चित्रपटगीतं हवीत त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. आईला मात्र त्यातलं काही नको होतं. तिला हवे होते आमच्या देवळातले टाळ, आमचा पखवाज आणि बाबा.

पहिल्यांदा पाहिलं ते बटण. दुकानात काचेसारख्या गुळगुळीत पडद्याचे प्लेअर मोठे देखणे दिसतात. पण आईचे हात कधी नारळ खवून ओले असतात, कधी डोळ्यांवर चष्मा नसतो. हाताला लागणारी, दाबली की टक् करणारी बटणं हवीत. तुम्हीही दुकानात एकदा डोळे मिटून बघा: चालू, बंद, पुढे, मागे आणि आवाज, एवढं बोटांना सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर तो प्लेअर किती का स्वस्त असेना, वृद्ध माणसासाठी घेऊ नका.

दुसरी गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही. बंद करून परत चालू केल्यावर गाणं जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं का? तीन मिनिटांच्या गाण्याला याची गरज पडत नाही. पण कीर्तन दीड तासाचं असतं, ख्याल पाऊण तासाचा. जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. आज आपल्या खिशात अख्खी मैफल मावते आणि प्लेअरला मात्र आपण कुठे थांबलो ते आठवत नाही, असं होऊ देऊ नये.

गाणी साठवायच्या मेमरी कार्डाच्या बाबतीत मी फसलो, ते सांगतो. एका जत्रेच्या फेरीत 64 जीबीचं कार्ड अगदी कमी पैशांत मिळालं. घरी आणून सगळी भजनं भरली. नावं दिसत होती, पण पहिली काही सोडली तर बाकीची वाजेचनात. अशी कार्डं आत लहान असतात आणि संगणकाला खोटा आकडा सांगतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं. नशीब, मूळ प्रती संगणकावर होत्या. तेव्हापासून कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलासह घेतो आणि एकदा पूर्ण भरून, शेवटची फाइल वाजवून पाहतो.

मुळात इतकी जागा लागतही नाही. 128 केबीपीएसच्या, म्हणजे साधारण दर्जाच्या एमपीथ्रीला तासाला साधारण 58 एमबी लागतात. म्हणजे 32 जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून जास्त भजन मावतं. त्यातून स्वस्त प्लेअर पुष्कळदा 32 जीबीपर्यंतचीच कार्डं वाचतात, कारण त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात. खोक्यावर 32 लिहिलं असेल तर 32 चंच घ्या.

दुकानात जाताना स्वतःच्या दोन-चार फाइली पेन ड्राइव्हमध्ये किंवा कार्डात घेऊन जा, एवढं मी कळकळीनं सांगेन. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग बऱ्याचदा एमफोरए प्रकारचं असतं, आणि साधा प्लेअर ते कधी वाजवतो, कधी नाही. नाही वाजवलं तर संगणकावर त्याचं एमपीथ्री करून घ्यावं लागतं. मराठी नावांचंही तसंच. कित्येक स्वस्त प्लेअरांना देवनागरी वाचता येत नाही, पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. मला याचं वाईट वाटतं, पण तूर्त रोमन अक्षरांत नावं देणं हाच इलाज आहे.

पैसे थोडे उरले तर ते इअरफोनवर घाला. प्लेअरबरोबर आलेल्या इअरफोनवर मी चवथीची आरती लावून पाहिली. कांसाळं, म्हणजे झांज, खणखणीत ऐकू आलं, घुमट या मातीच्या वाद्याचा तो पोटातून येणारा घुमारा मात्र नावाला नव्हता. घुमटाशिवाय आरती कसली? चारेकशे रुपयांचा बरा वायरवाला इअरफोन लावला आणि घुमट परत आला. वायरवालाच का, तर बहुतेक प्लेअरांत एफएम रेडिओही असतो आणि त्याची एरियल म्हणजे ती वायरच. वायर नसेल तर हे भाषणसुद्धा तुम्हाला नुसतं खरखरत ऐकू येईल.

आवाज जपून ठेवा. 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा. डेसिबल मोजायला घरात यंत्र नसतं. शेजारी बसलेल्याला तुमच्या कानातलं गाणं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे असं धरून चाला.

आणि आपली हवा. दमट, त्यात समुद्राजवळ खारी. प्लेअरच्या इअरफोन लावायच्या भोकात गंज चढला की एका कानाचा आवाज जातो. आमचा प्लेअर पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात असतो, सोबत औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. चार महिने वापरायचा नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी, पार रिकामी ठेवू नये.

सगळं जुळवून प्लेअर आईच्या हातात दिला, त्या पहिल्या रात्री ती एकदम उठून बसली. "अरे, सुरुवातीलाच भैरवी?" प्लेअरनं फाइली इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावल्या होत्या, आणि भैरवीचा बी पहिला आला होता. भैरवी म्हणजे भजनाची सांगता. बाबा असते तर त्यांनी पखवाज थांबवला असता. सकाळी बसून मी सगळ्या नावांआधी आकडे घातले. 01 नमन, 02 रूपाचा अभंग, असं करत 14 भैरवी. नुसता एक नव्हे, शून्य-एक लिहायचं, नाहीतर एकानंतर दहा येतो. काही प्लेअर ज्या क्रमानं फाइली भरल्या त्याच क्रमानं वाजवतात, म्हणून भरतानाही तोच क्रम ठेवला.

आता आई रात्री दिवा मालवून अंधारातच बटण दाबते. भैरवीपर्यंत ती क्वचितच पोचते. एखाद्या अभंगाच्या मध्येच डोळा लागतो, अर्ध्या तासानं प्लेअर आपोआप बंद होतो, आणि दुसऱ्या रात्री बाबा त्याच ओळीपासून पुढे गायला लागतात.

नमस्कार.