जिथे बसलो, तिथेच उतरताना

(दृश्य : धरमपेठेतील एका घराची गच्ची, संध्याकाळ. फरशीवर पुठ्ठ्याची मोठी गोल चकती.)

समोर दिसणारी ही चकती पुठ्ठ्याची आहे. तिच्या मध्यभागी भंगारात निघालेल्या छताच्या पंख्याचे बेअरिंग बसवले आहे आणि वरचा भाग उभ्या पुठ्ठ्यांनी पाच सारख्या कप्प्यांत विभागला आहे. त्यांतल्या चार कप्प्यांत काड्यापेटी, रिकामी रिफिल आणि पिंगपाँगचा चेंडू यांतून बनवलेले एकेक उडते यंत्र दोऱ्याने टांगलेले आहे. पाचवा कप्पा अजून रिकामा आहे. चकतीच्या कडेने चार डब्यांची छोटी गाडी एका हाताने ढकलत न्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच वेगाने चकती फिरवायची, एवढेच या प्रतिकृतीचे काम आहे. मात्र ते साधायला आमच्या गटाला तीन रविवार लागले.

हा गट नागपूरच्या सहा मित्रमैत्रिणींचा आहे. त्यांपैकी एकानेही फ्लोरिडा पाहिलेले नाही. तरीही अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका मनोरंजन उद्यानातल्या राईडमध्ये सुधारणा करावी की ती पाडून तिच्या जागी नवे काही उभारावे, यावर आम्ही गेले वर्षभर मनापासून वाद घालत आहोत. वरची चकती ही त्याच राईडच्या पहिल्या प्रसंगाची प्रतिकृती. मी स्वतः या वादात एका बाजूला आहे आणि ती बाजू या निवेदनात लपवणार नाही.

(दृश्य : रेखाचित्र. काचेचे दोन पिरॅमिड आणि त्यांच्यासमोरचे कारंजे.)

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील एपकॉट हे मनोरंजन उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. त्यात कल्पनाशक्तीला वाहिलेले एक दालन होते, कोडॅक कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली उभे राहिलेले. त्यातील मुख्य राईड, ‘जर्नी इंटू इमॅजिनेशन’, मार्च १९८३ मध्ये सुरू झाली. डिस्नेचे राईड-रचनाकार टोनी बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी दोन पात्रे घडवली होती. एक म्हणजे तांबूस दाढीचा, उंच टोपी घातलेला ड्रीमफाइंडर, जो आपल्या उडत्या यंत्रातून हिंडत रंग, आवाज आणि कल्पना गोळा करतो. दुसरा म्हणजे फिग्मेंट, जांभळ्या रंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा आणि बैलासारखी शिंगे असलेला चिमुकला ड्रॅगन. इंग्रजीत ज्या शब्दाने निव्वळ कल्पनेत असलेली गोष्ट दाखवतात, तोच शब्द त्याचे नाव झाला. राईडचे गाणे शर्मन बंधू या गीतकार-संगीतकार जोडीने रचले होते आणि ते पहिल्या प्रसंगापासून शेवटापर्यंत प्रवाशाची सोबत करत असे.

ज्या प्रसंगासाठी आम्ही पुठ्ठा कापत बसलो, तो या राईडचा पहिला प्रसंग होता. गाडी अंधारात शिरली की तिच्या शेजारी ड्रीमफाइंडरचे यंत्र तरंगताना दिसे. साधारण राईडमध्ये एखादे दृश्य समोर येते आणि गाडी पुढे सरकली की मागे पडते, त्यामुळे त्यात काही सांगायचे झाले तर ते काही सेकंदांत उरकावे लागते. येथे मात्र ड्रीमफाइंडर कित्येक मिनिटे प्रवाशाच्या बरोबरीने उडत राही, त्याच्याशी बोलत राही, आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांदेखत फिग्मेंटला जन्म देई. हे साधण्यासाठी आत एक प्रचंड फिरता मंच बांधलेला होता. त्यावर हाच प्रसंग एकसारखा पाच वेळा उभा केला होता, आणि बाहेरून वळसा घेणाऱ्या गाड्या व मंच एकाच गतीने फिरत असत. गाड्यांचा प्रत्येक संच आपापल्या ड्रीमफाइंडरसमोर येई आणि पाचही ठिकाणी तेच संवाद आपापल्या वेळी चालत. प्रवाशाला यातले काहीच कळत नसे, त्याला फक्त एवढेच वाटे की आपण आणि तो म्हातारा एकत्र उडत आहोत.

पुढे चित्रकला, साहित्य, रंगभूमी आणि विज्ञान यांची दालने येत. प्रवासाच्या अखेरीस प्रवाशाला त्याचे स्वतःचे, वाटेत टिपलेले छायाचित्र दाखवले जाई. वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळघर होते, ज्यात जमिनीवरच्या रंगीत प्रकाशाच्या ठिपक्यांवर पाय पडला की वेगवेगळे स्वर उमटत. मूल राईडमध्ये ऐकत असे की कल्पना करण्याची ताकद प्रत्येकात असते, आणि वर जाऊन ती ताकद लगेच वापरूनही पाहत असे.

(दृश्य : चकती थांबलेली. गटातील मुलगी वहीतून वाचते आहे.)

ऑक्टोबर १९९८ मध्ये ही राईड बंद करण्यात आली आणि १ ऑक्टोबर १९९९ रोजी ती नव्या रूपात उघडली. नाव जवळजवळ तेच होते, इमारतही तीच. पण फिरत्या मंचाचा भाग मार्गातून वगळला गेला होता, प्रवास पुष्कळ छोटा झाला होता, ड्रीमफाइंडर नाहीसा झाला होता आणि फिग्मेंटची केवळ ओझरती झलक उरली होती. त्यांच्या जागी एका संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आला, जो प्रवाशाच्या कल्पनाशक्तीचे मोजमाप करतो. प्रेक्षकांची नाराजी इतकी तीव्र होती की दोन वर्षांतच, ऑक्टोबर २००१ मध्ये, ही आवृत्ती बंद झाली आणि जून २००२ मध्ये फिग्मेंटला परत आणणारी तिसरी आवृत्ती सुरू झाली. तीच पुढे चालत राहिली. तिच्यात शास्त्रज्ञाची संस्था कायम आहे, फिग्मेंट तिच्या प्रयोगशाळांत शिरून गोंधळ घालतो, एका ठिकाणी स्कंक या प्राण्याचा दुर्गंध सोडला जातो आणि पुढे एक उलटे टांगलेले घर लागते. ड्रीमफाइंडर मात्र परत आला नाही. कोडॅकचे प्रायोजकत्वही २०१० मध्ये संपले.

तरीही फिग्मेंटवरचे प्रेम आटले नाही. जानेवारी २०२२ मध्ये एपकॉटमध्ये त्याच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली विक्रीला आली, तेव्हा लोक तिच्यासाठी कित्येक तास रांगेत उभे राहिले होते. प्लास्टिकच्या एका बादलीसाठी असे उभे राहणे काहींना वेडेपणा वाटेल. मला त्यात एक मागणी दिसते, जी व्यक्त करायला लोकांना दुसरी जागा उरलेली नव्हती.

आमच्या गटात दोन तट पडले ते येथे. एका मित्राचे म्हणणे असे की सध्याची राईड दोनदा ठिगळ लावलेल्या कापडासारखी आहे, तिच्यावर तिसरे ठिगळ लावण्यात काही हशील नाही. मंच गेला, लांबी गेली, मुख्य पात्र गेले. आता इमारत मोकळी करून आजच्या मुलांसाठी पूर्णपणे नवे काहीतरी उभारावे, आणि फिग्मेंटला जुन्या चाहत्यांच्या आठवणीत मानाने राहू द्यावे. तो इंजिनिअर आहे आणि जुन्या यंत्रणेवर किती काळ पैसा ओतत राहायचे, हा त्याचा प्रश्न खरा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे माझे आहे, पण ते सांगण्यापूर्वी मला आमच्या मुलखातल्या एका गाडीबद्दल बोलले पाहिजे.

(दृश्य : मोतीबाग, कडबी चौकाजवळील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. वाफेचे इंजिन.)

मोतीबागेतील हे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी छोटी रेल्वे १९०८ पासून धावत होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. लहानपणी मी आजीबरोबर त्या गाडीने भिवापूरला जात असे. डब्यात मिरचीची पोती असत आणि उमरेड येईपर्यंत सगळ्यांना शिंका येऊन जात. गाडी इतकी संथ चाले की खिडकीतून दिसणाऱ्या पळसाच्या झाडाकडे पुरेसे बघून होई. ती बंद झाली तेव्हा मला फार वाईट वाटले, आणि तरीही ती बदलायला हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटरवरून १,६७६ मिलिमीटरवर न्यायचे म्हणजे रूळ, डबे, इंजिने आणि पूल यांपैकी जुने फारसे काही उपयोगाचे राहत नाही. तेथे दुरुस्ती असा पर्यायच नव्हता. शिवाय भिवापूरहून रुग्णाला घेऊन नागपूरला निघालेल्या माणसाने माझ्या आठवणींसाठी ताटकळत का बसावे? गाडीचे काम माणसाला पोहोचवणे हे आहे, आणि ते नवी गाडी अधिक चांगले करू शकते.

राईडचे काम हे नाही. राईड कोणालाही कोठेही पोहोचवत नाही. आपण जेथे बसतो, बहुधा तेथेच किंवा त्याच्या शेजारच्या फलाटावर उतरतो. मधल्या काही मिनिटांत जे घडते तेवढेच तिचे अस्तित्व असते. म्हणून रेल्वेला लावायची मोजपट्टी तिला लावता येत नाही. ती जुनी झाली का, संथ आहे का, तिचे तंत्र मागासलेले आहे का, हे प्रश्न दुय्यम आहेत. मधल्या मिनिटांत काय घडत होते आणि बदलानंतर ते घडेल का, हा पहिला प्रश्न आहे. १९९९ मध्ये तो विचारला गेला नसावा, असे मला वाटते. पहिल्या राईडमध्ये एक मोठा माणूस मुलाला सांगत होता की तुझ्याजवळ जे आहे ते माझ्याजवळही आहे, चल, आपण मिळून काहीतरी बनवू. नव्या राईडमध्ये मुलाची तपासणी होऊ लागली. इमारत, गाड्या आणि नाव राखूनही राईड गेली, कारण तिच्यातले हे नाते गेले.

याच्या उलटही घडू शकते. स्प्लॅश माउंटन ही डिस्नेचीच, पाण्यातून उंचावरून खाली झेपावणारी राईड कॅलिफोर्नियात १९८९ पासून आणि फ्लोरिडात १९९२ पासून चालत होती. तिची कथा १९४६ सालच्या ज्या चित्रपटातून घेतली होती, त्यातील कृष्णवर्णीयांचे चित्रण अनेकांना अपमानकारक वाटत आले होते. जून २०२० मध्ये कथा बदलण्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये दोन्ही ठिकाणी टियाना या राजकन्येची नवी राईड उघडली. पाण्याचा मार्ग तोच राहिला, ती शेवटची उडीही तीच. अनेक चाहते हळहळले, आणि त्यांच्या हळहळीला मी खोटे म्हणणार नाही, पण कोणाच्या तरी अपमानावर उभी असलेली मजा टिकवण्याचा हट्ट मला मान्य नाही. तेथे कथा बदलणे योग्यच होते.

(दृश्य : तान्ह्या पोळ्याचा दिवस. गर्दीतून वर दिसणारी पिवळी मारबत.)

या वादात आमच्या गटाला सर्वांत जास्त शिकवले ते नागपूरच्या मारबतीने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाच्या मोठ्या प्रतिमा, मिरवणुकीने निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो आणि मिरवणुकीनंतर त्या जाळल्या जातात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. म्हणजे मारबतीचा एकही बांबू, एकही कागद मागच्या वर्षीचा नसतो, ती दरवर्षी पूर्णपणे नवी असते. तरी ती बदलली असे इतवारी-महालातला एकही माणूस म्हणत नाही, कारण रूप, रंग आणि ती कशासाठी निघते हे बदलत नाही. बदलतात ते तिच्याबरोबरचे बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या त्रासांचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, शहराला त्या वर्षी छळणारे जे काही असेल, त्याचा बडगा निघतो. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे येथे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण ते बनवणाऱ्या हातांना ठाऊक आहे.

हा दाखला मी गच्चीवर मांडला तेव्हा इंजिनिअर मित्राने लगेच विचारले की मग फिग्मेंटच्या राईडमधली मारबत कोणती आणि बडगे कोणते? आम्ही ते ठरवायला बसलो. प्रयोगशाळा, उलटे घर आणि दुर्गंध जायला हरकत नाही, यावर एकमत व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. १९८३ मधली कला आणि विज्ञानाची दालने जशीच्या तशी परत आणावीत असे कोणालाच वाटले नाही, कारण आजचे मूल वेगळ्या साधनांनी चित्र काढते. गाण्यावर बराच वेळ गेला आणि ते ठेवायचे ठरले. मग ड्रीमफाइंडर आणि त्याच्याबरोबरची ती लांब, न तुटणारी भेट उरली. मित्राचे म्हणणे होते की मंच फिरवण्याची गरजच काय, आज हेच पडद्यांवर दाखवता येईल. शक्य आहे, तसे करता येईलही. पण त्याचे उत्तर बोलून देता येणार नव्हते, म्हणून आम्ही पंख्याचे बेअरिंग शोधायला निघालो.

(दृश्य : चकतीजवळून. गाडीच्या पहिल्या डब्यावर रबरबँडने बांधलेला मोबाईल.)

पहिल्या दोन रविवारी चकती आणि गाडी यांचा वेग जुळलाच नाही. गाडी पुढे गेली की यंत्र कप्प्याच्या भिंतीआड जाई, चकती पुढे गेली की रिकामा पुठ्ठा दिसे. तिसऱ्या रविवारी आम्ही गाडीला एका बारीक तारेने चकतीशीच जोडले आणि कप्प्यांच्या मागे न फिरणारी, ढग रंगवलेली पट्टी उभी केली. आता मोबाईलवर जे दिसते ते असे : काड्यापेटीचे यंत्र समोर स्थिर आहे, दोऱ्यावर किंचित डोलते आहे, आणि त्याच्यामागून ढग सरकत आहेत. पुठ्ठ्याची कडही दिसते, चिकटपट्टीही दिसते. तरी आपण त्याच्याबरोबर निघालो आहोत असे वाटते.

मित्राने ते दृश्य एकदा पाहिले, मग मोबाईल पुन्हा बांधून स्वतः चकती फिरवत आणखी दोनदा पाहिले. बाकीची इमारत पाडावी हे त्याचे मत आजही कायम आहे. पाचवा कप्पा मात्र तो घरी घेऊन गेला आहे, कारण चार यंत्रांचे पंखे त्याच्या मते चुकीच्या कोनात बसले आहेत आणि पाचवे त्याला नीट बनवायचे आहे.